निवळ पाणी, बारीक दोर: मुंबईच्या हिवाळ्यात हलक्या गळाने मासे गरवताना

पौषातली पहाट. मढच्या खडकावर उभं राहिलं की जमिनीकडचा गार वारा पाठीला लागतो आणि समोरचा समुद्र परातीत ओतलेल्या तेलासारखा स्वस्थ पडलेला असतो. उजाडू लागलं की पायाशी हातभर पाण्याखालची वाळू दिसते, खडकाला धरलेली कालवं दिसतात, आणि थोडं थांबलं तर वाळूवरून सरकणारी एखादी मुडदुशीही दिसते. मुंबईचा समुद्र म्हणजे चहाच्या रंगाचं पाणी, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला हा निवळपणा पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो गळ टाकायचं विसरून नुसता बघत राहतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे असे दिवस वाट्याला येतात. बारीक दोर, छोटा गळ आणि हलकं आमिष घेऊन गरवायचा हाच मोसम. पण या दिवसांत हलकं सामान का चालतं, कोणत्या दिवशी चालतं आणि कोणत्या दिवशी घरी बसलेलं बरं, हे नवख्याला कोणी नीट सांगत नाही. दुकानदार रॉड विकतो, व्हिडिओवाला मोठा मासा दाखवतो, आणि मधली सगळी समज आपली आपण मिळवायची असते. ती मिळवायला मला तीन हिवाळे लागले. म्हणून हा लेख जरा सविस्तर.

आधी हलका गळ म्हणजे काय ते सांगतो. सहा-सात फुटांचा लवचिक रॉड, मुठीएवढं स्पिनिंग रील, बाजारात ज्याला २००० किंवा २५०० नंबरचं म्हणतात ते, साधारण पाच किलोच्या ओढीला तुटेल असा दोर, आणि टोकाला तीन ते पंधरा ग्रॅमचं वजन. याच्या शेजारी आपल्याकडची खडकावरची नेहमीची मांडणी ठेवून बघा: जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोर, पाव किलोच्या आसपासचं शिसं, बोटाएवढा गळ. पावसाळ्याच्या आगेमागे लाट उसळत असते, पाण्याला ओढ असते, तेव्हा तीच मांडणी बरोबर. कोळीवाड्यातले जुने लोक जाड दोर उगीच वापरत नाहीत. हिवाळ्यात मात्र समुद्र बदलतो, म्हणून सामान बदलायचं.

थंडीपेक्षा पाणी महत्त्वाचं

हिवाळ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या मासेमारीबद्दल शोधायला गेलं की बहुतेक सल्ला फ्लोरिडाचा किंवा मेक्सिकोच्या आखाताकाठचा मिळतो. तो सल्ला चांगला आहे, पण तिथल्यासाठी. फ्लोरिडा कर्कवृत्ताच्या वर आहे. तिथे उत्तरेकडून थंड हवेची लाट उतरली की उथळ खाड्यांचं पाणी एक-दोन दिवसांत कितीतरी अंशांनी खाली येतं. जानेवारी २०१० मध्ये अशाच थंडीत तिथे स्नूक जातीचे मासे मोठ्या संख्येने मेले. हा स्नूक दिसायला आणि सवयीला आपल्या जिताड्यासारखाच, खाडीच्या तोंडाशी दबा धरणारा. त्यामुळे तिथला गरवणारा हिवाळ्यात खोल डोह शोधतो, वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याजवळ जातो आणि आमिष अगदी हळू ओढतो. तिथे सगळा विचार तापमानाचा.

मुंबई १९ अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरीच खाली. जानेवारीत आपल्याला स्वेटर लागतो, पण किनाऱ्याजवळच्या समुद्राचं पाणी तेव्हाही साधारण २४-२५ अंशांवर असतं, मे महिन्यात ते तिसाच्या घरात जातं. म्हणजे फरक पाच-सहा अंशांचा. मासा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे एवढ्यानेही त्याची भूक आणि चपळाई थोडी मंदावते. उन्हाळ्यात जो मासा आमिषामागे दहा हात धावत येतो तो हिवाळ्यात दोन हात येतो. तेव्हा आमिष हळू आणि त्याच्या जवळून न्यायचं, एवढा धडा फ्लोरिडाकडून घ्यायला हरकत नाही. खोल डोह शोधत बसायची गरज मात्र इथे नाही.

इथे हिवाळ्याने खरा बदलतो तो पाण्याचा निवळपणा. नैर्ऋत्य मोसमी वारे थांबले की लांबून येणारी मोठी लाट बंद होते. नद्या आणि नाले पावसाळ्यात गाळ आणतात, तोही थांबतो. वर तरंगणारा गाळ हळूहळू खाली बसतो. आणि पाणी निवळलं की माशाचं सगळं वागणंच वेगळं होतं. गढूळ पाण्यात मासा वासावर आणि कंपनांवर शिकार करतो. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली जराशी हालचालही तिला कळते. अशा वेळी दोर जाड असला काय नि बारीक असला काय, त्याला दिसतच नाही. निवळ पाण्यात तो डोळ्यांनी शिकार करतो. त्याला आमिष लांबून दिसतं, आणि आमिषाला बांधलेला दोरही दिसतो.

वेसाव्याच्या जेट्टीवर भेटणारे एक काका मला पहिल्या वर्षी रोज एकच वाक्य ऐकवायचे: "आदी पानी बग, मंग गल टाक." मी तेव्हा खडकावर पोचल्या पोचल्या गळ फेकायचो. ते दहा मिनिटं नुसते उभे राहायचे, पाण्याचा रंग बघायचे, फेस कुठे जातो ते बघायचे, आणि मग पिशवीतून दोर काढायचे, कधी जाड, कधी बारीक. त्या दहा मिनिटांत ते काय बघत होते हे मला फार उशिरा कळलं.

तिथी गुणिले पाऊण

हिवाळा आला म्हणून रोज पाणी निवळ असतं असं नाही. जानेवारीतल्याच दोन रविवारी मी एकाच खडकावर गेलो आहे. एकदा तळ दिसला, एकदा घोट्याएवढ्या पाण्यात स्वतःचा पाय दिसला नाही. हा फरक भरती-ओहोटीचा.

मुंबईला दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, एकमेकांची ओढ कमी करतात, तो भांग. उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगाला तो दीड-दोन मीटरच उरतो. वेळ मात्र दोन्ही दिवशी सारखाच, सहा तास. म्हणजे उधाणाला तेवढ्याच वेळात दुप्पट पाणी आत-बाहेर करतं, त्याचा वेग वाढतो, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर, विशेषतः खाड्यांच्या तोंडाशी, बसलेला चिखल ते पुन्हा उचलतं. भांगाला पाणी सावकाश फिरतं आणि गाळ खालीच राहतो. म्हणून निवळ पाणी हवं तर हिवाळ्यातला भांग गाठायचा.

आता वेळेचा हिशोब. तो करायला आपल्याकडे एक सुंदर युक्ती आहे. पंचांगातली तिथी घ्या आणि पाऊणने गुणा. येईल तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन: पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. यामागे गणित साधं आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, त्यामुळे भरतीही तेवढी उशिरा येते, आणि अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या आसपास असते, म्हणून मोजणी तिथून सुरू. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. रोज काही मिनिटांची चूक राहते आणि पंधरा तिथींत ती साचत जाते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला. नेमकी वेळ हवी असेल तर अपोलो बंदरासाठीचे भरतीचे तक्ते मिळतात, ते बघा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती आणखी उशिरा पोचते, हेही लक्षात असू द्या.

या युक्तीतून एक गोष्ट आपोआप निघते, आणि माझ्या मते हलक्या गळासाठी मुंबईत यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नाही. उधाणाच्या दिवशी भरती नेहमी दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास येते. म्हणजे सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला नेहमी ओहोटी. मासे सर्वांत जास्त खातात त्या दोन्ही संधिकाळी खडकाचं पाणी उतरलेलं. भांगाच्या दिवशी बरोबर उलट. नवमीला भरती पावणेसातला, दशमीला साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आधी थोडा वेळ उगवतो. म्हणजे नवमी ते एकादशी या तीन तिथींना भरतीचे शेवटचे दोन तास आणि पहाट नेमके एकमेकांवर येतात. पाणी भांगाचं, म्हणून निवळ. खडकावर चढत असलेलं, म्हणून छोटी कोळंबी आणि चिंगळ्या खडकाच्या फटींकडे येत असतात आणि त्यांच्या मागे मासा. उजेड कमी, म्हणून मासा निर्धास्त. महिन्यातून दोनदा, शुक्ल पक्षात एकदा आणि कृष्ण पक्षात एकदा, ही संधी येते. मी कॅलेंडरवर या तिथींना आधीच खूण करून ठेवतो आणि त्या आठवड्यात घरच्या कार्यक्रमांना सकाळी दहानंतरची वेळ मागतो.

आणखी एक गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर गार होते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत शिकलो ते हेच मतलई वारे. मढ, वेसावा, वांद्रे, वरळी हे सगळे किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणजे पहाटेचा वारा आपल्या पाठीमागून येतो. पाच ग्रॅमचं आमिष फेकणाऱ्याला पाठीवरचा वारा म्हणजे मोठी मदत, शिवाय किनाऱ्याजवळ लाट उठत नाही. दहा-अकराच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्रावरून येऊ लागतो. तो तोंडावर आला की हलका गळ गुंडाळायची वेळ झाली. त्यानंतर दोराला वाऱ्याने पोट पडतं, आमिष कुठे आहे ते हाताला कळत नाही.

दोर बारीक का

लोकांना वाटतं बारीक दोर म्हणजे फक्त माशाला न दिसणारा दोर. ते अर्धंच खरं.

पाणी वाहत असतं तेव्हा ते दोराला ढकलतं. दोर जितका जाड, तितकं पाण्याला ढकलायला अंग जास्त. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तंगुसाऐवजी ०.१५ मिलिमीटरचा विणलेला दोर लावला, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात, तर जाडी तिसऱ्या हिश्श्याहून कमी होते आणि पाण्याचा धक्काही तेवढाच कमी होतो. मग आमिष तळाशी ठेवायला लागणारं शिसंही कमी पुरतं. शिसं कमी झालं की आमिष दगडासारखं पडून राहत नाही, पाण्याबरोबर थोडं हलतं, खरं वाटतं. मासा ते तोंडात घेतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही, तो लगेच थुंकत नाही. आपल्याला त्याची टोचणी कळायला दोन क्षण जास्त मिळतात. एका गोष्टीतून दुसरी निघत जाते, आणि सुरुवात दोराच्या जाडीपासून होते.

टोचणी कळण्याचं म्हणाल तर तिथे ब्रेडचा आणखी एक फायदा. नायलॉनचा तंगूस ताणला की रबरासारखा लांबतो. चाळीस पावलांवर मुडदुशीने टुक केलं तर ती टुक दोरातच जिरते. ब्रेड जवळजवळ लांबतच नाही. माशाने आमिषाला नुसता तोंडाने स्पर्श केला तरी तो रॉडच्या मुठीवर ठेवलेल्या तर्जनीत उमटतो. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा मला वाटलं दोर कोणीतरी बोटाने छेडतंय.

पण ब्रेडचे दोन दोष आहेत. तो पाण्यात दिसतो, आणि कालवांच्या धारेवर क्षणात कापला जातो. म्हणून टोकाला फ्लुरोकार्बन नावाच्या प्लास्टिकच्या दोराचा हात-दीड हात तुकडा बांधायचा, त्याला लीडर म्हणतात. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी का दिसतो? पेल्यातल्या पाण्यात स्वच्छ बर्फाचा खडा टाका, तो जवळजवळ दिसेनासा होतो. पाणी आणि बर्फ प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात म्हणून. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२, नायलॉनचा दीडच्या वर. फ्लुरोकार्बन पाण्याच्या जास्त जवळ आहे, म्हणून डोळ्याला कमी खुपतो. पूर्ण अदृश्य होतो हा दुकानातला दावा. खडकावर गरवताना मी लीडर दोरापेक्षा थोडा जाडच घेतो, कारण इथे डोळ्यांपेक्षा कालवं जास्त दोर घालवतात.

गाठ मारताना एक गोष्ट कधी चुकवायची नाही: आवळण्याआधी गाठ ओली करायची. जिभेने करा, पाण्यात बुडवून करा. कोरडी गाठ आवळली की दोर दोरावर घासतो, घर्षणाने तापतो आणि तिथेच कमजोर होतो. डोळ्याला काही दिसत नाही. मासा लागतो, पहिल्या धावेला दोर सुटतो, आणि टोक हातात घेतलं की ते कुरळं झालेलं असतं, पिळलेल्या केसासारखं. कुरळं टोक म्हणजे गाठ जळली. खरखरीत, पिंजलेलं टोक म्हणजे कालव. सपाट कापलेलं टोक म्हणजे दात. बहुतेक वेळा केंड, म्हणजे फुग्यासारखा फुगणारा मासा. तुटलेलं टोक फेकून द्यायच्या आधी नीट बघा.

एक लिटरची बाटली

पाच किलोचा दोर आणि समोर चार किलोचा जिताडा. दोर तुटणार नाही असं वाटतं, पण तुटतो. धावणारा मासा त्याच्या वजनाहून जास्त ओढ देऊ शकतो, शिवाय गाठीत दोराची ताकद कमी झालेली असते. इथे कामाला येतो रीलचा ड्रॅग.

ड्रॅग म्हणजे दोर सोडणारा ब्रेक. रीलच्या डोक्यावरची चकती आवळली की दोर घट्ट, सैल केली की दोर ओढीला सुटत जातो. नियम असा, की दोराच्या ताकदीच्या पाव हिश्श्याच्या आसपास ओढ पडली की दोर सुटायला लागला पाहिजे. पाच किलोच्या दोराला सव्वा किलो. घरी मोजायला काटा लागत नाही. एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली म्हणजे एक किलो. दोर रीलमधून सरळ काढा, बाटलीला बांधा, रील हळू उचला. बाटली जमिनीवरून उठते न उठते तोच दोर सुटू लागला तर ड्रॅग ठीक आहे. रॉडच्या कड्यांतून दोर वाकून जाताना घर्षणाची थोडी भर पडते, त्यामुळे एक किलोवर लावलेला ड्रॅग खडकावर सव्वाच्या जवळ जातो.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला एक चांगला रावस गमावून कळली. मासा दोर घेऊन लांब गेला की रीलवरची गुंडाळी बारीक होते. गुंडाळी बारीक झाली की तोच ड्रॅग दोराला जास्त घट्ट जाणवतो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला तर ओढ दुप्पट. विहिरीच्या रहाटाला दोन दांडे लावले, एक लांब आणि एक आखूड, तर आखूड दांड्याला जोर जास्त लागतो, तसंच हे. म्हणजे मासा लांब पळत असताना ड्रॅग आवळायचा नसतो, उलट जराशी ढील द्यायची असते. घाबरलेला हात नेमकं उलटं करतो. त्या दिवशी माझ्या हाताने तेच केलं.

काय लावायचं, कशासाठी

वाळूवर मुडदुशी, खडकाच्या कपारीत तांबोशी आणि गोब्रा, खाडीच्या तोंडाशी जिताडा आणि रावस, तिवरांच्या कडेला काळुंदर, आणि कुठेही शिंगाळा. हिवाळ्यात हलक्या गळाला साधारण ही मंडळी येतात. बोयीचे थवे समोर उड्या मारतात पण त्या कोळंबीकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांचं खाणं शेवाळ आणि तळाचा गाळ, त्यांना लागलाच तर कणकेचा वाटाण्याएवढा गोळा.

गळाच्या आकड्यांचा घोळ आधी सोडवून टाकतो. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, दहा नंबर लहान, दोन नंबर मोठा. एकपर्यंत आलं की पुढे उलटी मोजणी: १/०, २/०, ३/०, आणि इथे आकडा वाढला की गळ मोठा. मुडदुशीचं तोंड नाजूक आणि छोटं, तिला आठ ते दहा नंबर. तांबोशीला १/० किंवा २/०.

जिवंत कोळंबीला तोड नाही. पण ती गळाला लावायची कशी यात सगळं आहे. कोळंबी उजेडात धरा. डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्याच्या मागे, पारदर्शक कवचाखाली, एक काळसर ठिपका दिसतो. तिथे तिचे महत्त्वाचे अवयव आहेत. तिथे गळ टोचला की कोळंबी त्याच क्षणी पांढरी पडते आणि मेलेल्या कोळंबीसारखी लोंबते. गळ त्या ठिपक्याच्या पुढे, करवतीच्या बुडाशी, कवचाला धरून आडवा काढायचा. बरोबर बसला तर ती अर्धा तास पोहत राहते. तिच्यापुढे फक्त दोन-तीन ग्रॅमचं शिसं आणि तिला खडकाच्या कडेने मोकळं सोडायचं. मासा जवळ आला की ती घाबरून शेपटी मारायला लागते, आणि ती तडफड बोटाला कळते. मासा लागायच्या आधीच आपल्याला ठाऊक होतं की तो आलाय. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा आनंद आहे, मासा हाती लागण्याहून थोडा जास्तच.

रबरी कोळंबी वापरायची असेल तर पाच-सात ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे डोक्याशी शिसं ओतलेल्या गळावर, चढवा, तळाला टेकू द्या, रॉडचं टोक वीतभर उचला, पुन्हा टेकू द्या. टेकताना मासा घेतो, उचलताना नाही. म्हणून खाली जाताना दोर ताणलेला ठेवायचा. थंड पाण्यात दोन उचलण्यांमध्ये मनात पाच आकडे मोजायचे.

काटे, लाट आणि हद्दी

शिंगाळा निघाला की हात घालायचा नाही. पाठीवर एक आणि कानाशी दोन असे त्याचे तीन काटे दातेरी आणि विषारी असतात. पाकट, म्हणजे वाळूत चपटा पडून राहणारा मासा, त्याच्या शेपटीवरही तसाच काटा. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी अनेकांना डंख मारले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. वाळूच्या पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. पाकट बाजूला होतो. काटा लागलाच तर भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तास-दीड तास बुडवून ठेवायचा. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने निकामी होतं आणि कळ उतरते. पाणी चटका बसेल इतकं गरम नको, आणि न दुखऱ्या हाताने आधी तपासून घ्या. काटा खोल गेला असेल किंवा आत तुटला असेल तर थेट डॉक्टर. थर्मासमध्ये गरम पाणी नेणं मला या कामासाठी आवश्यक वाटतं. चहा त्यातून उरलेल्या पाण्याचा. केंड निघाला तर पकडीने गळ सोडवून परत पाण्यात. त्याच्या अंगात जीवघेणं विष असतं आणि शिजवून ते जात नाही.

खडकावर रात्री बसणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मुंबईत पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, हिवाळ्यात उलट, रात्रीची मोठी. डिसेंबर-जानेवारीतल्या उधाणाला मध्यरात्रीचं पाणी दुपारच्या पाण्यापेक्षा अर्धा मीटर किंवा त्याहूनही वर चढतं. दुपारी येऊन ओल्या खडकाची रेघ बघितली आणि रात्री तिच्यावर हातभर जागा धरून बसलं तर बाराच्या सुमारास पाणी अंगाशी येतं, आणि मागची वाट त्याआधीच बुडालेली असते. भरतीच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात, या दोनच तासांत, एकूण चढणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं पाणी येतं. परतीची वाट दुसऱ्या तासाला बघून ठेवा. एकट्याने जाऊ नका.

जागांबद्दल थोडक्यात. बंदराच्या आणि नौदलाच्या हद्दीत जायचं नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे गळ नको. नाल्याच्या तोंडाशी मासा लागतो हे खरं, पण तो मी घरी आणत नाही. कोळी बांधवांच्या डोलीचे, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचे, खांब आणि जाळी दिसली की लांबून. त्यांचं ते पोट आहे, आपल्या गळाने जाळं फाटलं तर त्यांचा दिवस जातो.

तुटलेला दोर खिशात घालून आणायचा, एक वीतसुद्धा मागे ठेवायची नाही. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर कुरवांचे, म्हणजे आपल्या सीगलचे थवे येतात. दोर पायाला गुंडाळलेला कुरव मी मढला पाहिला आहे. पाय सुजून काळा झाला होता. दोघांनी टॉवेल टाकून धरला, एकाने कात्रीने दोर कापला, तरी मांसात रुतलेला शेवटचा वेढा निघायला दहा मिनिटं गेली. दोर बारीक होता, आमच्यासारखाच कोणीतरी वापरलेला.

मासा सोडायचा की ठेवायचा

राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्यामागचा विचार सोपा: माशाला निदान एकदा तरी अंडी घालू द्या. खडकावर आणि तिवरांत हलक्या गळाला लागणारी वीतभर तांबोशी म्हणजे पिल्लू. ती मोठी होऊन बाहेर खोल पाण्यात जाते आणि तिथे अंडी घालते. आपण तिला शाळेतच पकडलेलं असतं. ती सोडायची.

जिताडा आणि रावस यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. हे दोन्ही मासे आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि मोठे झाले की मादी होतात. म्हणजे खाडीतला सगळ्यात मोठा, फोटोसाठी सगळ्यांना हवा असलेला जिताडा बहुतेक वेळा मादी असतो, आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त. लहानही सोडायचा आणि फार मोठाही सोडायचा, मधला एखादा घरी न्यायचा. मी असं करतो. कोणाला हे पटत नाही, त्यांच्याशी मी खडकावर बसून पुष्कळ वाद घातले आहेत आणि पुढेही घालीन.

सोडायचा असेल तर हात आधी समुद्राच्या पाण्यात ओले करायचे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं संरक्षण असतो, कोरड्या हाताला तो निघून येतो आणि मग त्या जागी संसर्ग होतो. तापलेल्या खडकावर ठेवायचा नाही. शक्य असेल तर पाण्यातच ठेवून पकडीने गळ उलटा फिरवून काढायचा. गळाचं आडं, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, पकडीने आधीच दाबून सपाट केलेला असेल तर हे एका क्षणात होतं. मग पोटाखाली हात धरून, तोंड पाण्याच्या प्रवाहाकडे करून थांबायचं. कल्ले दोन-तीनदा उघडझाप करतात, शेपटीत जोर येतो, आणि तो हातातून स्वतःहून निघतो. ढकलायचा नाही.

तो गेला की पुन्हा गळ फेकायच्या आधी लीडरचा शेवटचा हातभर भाग अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून ओढून बघा. गुळगुळीत लागला तर ठीक. कुठे नखाला खरखर लागली तर तिथून वर कापा, नवी गाठ मारा, ती ओली करा आणि सावकाश आवळा.